अधिक साडेपाच

आमचे सर फोन उचलला की "हॅलो" म्हणत नसत, वेळ सांगत. "बोला, दहा बारा." म्हणजे दहा वाजून बारा मिनिटं. पलीकडच्या नवख्या माणसाला वाटे, चुकून रेल्वेच्या चौकशीला फोन लागला. एका बाईंनी तर खरंच विचारलं होतं, "अमदावादची गाडी गेली का हो?" सरांनी घड्याळ बघून, अंदाज बांधून, उत्तरही दिलं होतं.

बडोद्यातल्या एका कॉलेजात ते संगणक-सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक शिकवत. गुन्ह्यात सापडलेला फोन किंवा कॉम्प्युटर उघडून त्यात काय काय आणि केव्हा केव्हा झालं ते शोधून काढायचं, असं ते शास्त्र. पोलीस त्यांच्याकडे मशीन पाठवायचे आणि कोर्ट त्यांना साक्षीला बोलवायचं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग चार वर्षं त्यांच्या लॅबमध्ये मदतनीस, आणि आता त्यांच्याच खुर्चीत बसून तोच विषय शिकवते. खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे मला खुर्ची मिळाल्यावर कळलं. सर इतकी वर्षं डुगडुगत कसे बसले देव जाणे.

गेल्या दिवाळीनंतर सर आणि काकू बडोद्यातलं, हरणी भागातलं घर बंद करून मुलीकडे पुण्याला राहायला गेले. जाताना लॅबच्या किल्ल्या दिल्या त्याही पाकिटात घालून, पाकिटावर कागदाची पट्टी चिकटवून, पट्टीवर आरपार सही करून. मी म्हटलं, "सर, हातातच द्या ने." तर म्हणाले, "हातात दिलेल्या वस्तूला पुरावा नसतो. इथं सही कर, आणि वेळ घाल."

हे त्यांचं सगळीकडेच होतं. पुरावा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची अखंड नोंद हवी, नाहीतर कोर्टात त्याची किंमत शून्य. शास्त्र म्हणून ठीक आहे. पण स्टाफरूममधल्या लील्या, म्हणजे बडोद्याच्या ओल्या बटाट्याच्या, चेवड्याच्या डब्यालाही सरांनी हेच लावलं. डब्यावर सहीची पट्टी आणि शेजारी दोऱ्यानं बांधलेला कागद. चेवडा घेणाऱ्यानं नाव लिहायचं, वेळ लिहायची, साधारण किती घेतला तेही लिहायचं. पहिल्या आठवड्यात मंडळींनी गंमत म्हणून लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात आमचे प्राचार्य डबा न उघडता, तळाचं झाकण सोडवून चेवडा खाताना सापडले. डब्याला तळाशीही झाकण असतं हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं. ते चिडतील असं सगळ्यांना वाटलं, तर सर इतके खूश झाले की पुढच्या वर्गात हाच धडा शिकवला: सील लावणारा वरूनच बघतो.

मूळ वस्तूला हात लावायचा नाही, आधी हुबेहूब प्रत काढायची आणि काम करायचं ते प्रतीवर, हा त्यांचा दुसरा नियम. घरी काकूंच्या आईची पाककृतींची वही कपाटात कुलपात आणि ओट्यावर तिची झेरॉक्स. झेरॉक्सवर तेल सांडलं की नवी झेरॉक्स. काकू म्हणायच्या, "लग्नात माझी प्रत काढून घेतली नाही हे नशीब."

सरांचं घराणं संस्थानी फौजेतलं. पणजोबा पागेत कारकून होते. नवा घोडा आला की त्याच्या कपाळावरचा ठिपका, पायाची पांढरी, कानाची चीर, सगळं वहीत उतरवायचं, म्हणजे चांगला घोडा पळवून कुणी त्या जागी मरतुकडं बांधलं तर लगेच कळावं. सर या घोड्यावरून हॅश शिकवत. फाइलमधल्या एकूण एक अक्षराचं गणित करून एक लांबलचक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणायचं. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी आकडा बदलतो. "हा फाइलच्या कपाळावरचा ठिपका," सर सांगत, आणि गुजराती, मराठी, हिंदी, कुठल्याही घरचं पोर असो, त्याला हॅश जन्मभर समजून जाई. मी आजही घोडाच सांगते. माझे पणजोबा शाळामास्तर होते, घोड्यावर कधी बसले असतील असं वाटत नाही, पण वर्गात मी ते सांगत नाही.

आणि साडेपाच. कॉम्प्युटर आतल्या आत वेळ लिहून ठेवतो ती बहुतेक ठिकाणी जगाच्या प्रमाणवेळेत. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मशीनमध्ये सकाळचे सहा दिसले तर आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. नवशिकी पोरं हे हमखास विसरतात. म्हणून सर उठता बसता एकच विचारत, "साडेपाच मिळवलेस?" उत्तरपत्रिकेत समासात लाल शाईनं "+५॥", वहीत "+५॥". एकदा मी वर्गात उशिरा आले आणि सांगितलं की मकरपुऱ्याच्या रस्त्यावर अडकले, तर म्हणाले, "नऊला निघालीस, म्हणजे अधिक साडेपाच. तू वेळेच्या आधीच आलीस, बस." पाठीमागे पोरं त्यांना साडेपाचच म्हणत. कॉरिडॉरच्या टोकाशी चपलांचा आवाज आला की कुणीतरी कुजबुजे, "साडा पांच आव्या!" आणि सगळे गप्प.

पण सरांची खरी परीक्षा कोर्टात नव्हे, घरी व्हायची. काकू मराठी शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. कॉम्प्युटरला त्या "ह्यांची सवत" म्हणायच्या आणि सवतीच्या भानगडीत पडायच्या नाहीत. तरी सरांचा कुठलाही अहवाल काकूंच्या उलटतपासणीशिवाय घराबाहेर पडत नसे. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला सर अहवाल वाचत उभे, दुसऱ्या बाजूला काकू समोरच्या पक्षाच्या वकील. थंडीत तुवेरच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा सोलत सोलत हे चाले, आणि मी तिथं असले तर माझ्यापुढेही ढीग सरकवला जाई.

"साक्षीदार, हा फोन आरोपीचाच कशावरून?"

"त्याच्या खिशात सापडला."

"माझ्या पर्समध्ये तुमचा चष्मा सापडतो. तो माझा का?"

सर वाक्य खोडत आणि लिहीत, "आरोपीच्या खिशात सापडलेला फोन." काकू विजयानं एक दाणा तोंडात टाकत. मला हसू यायचं, पण पुढे कोर्टात तोच प्रश्न खऱ्या वकिलाकडून ऐकला की काकूंची दृष्ट काढावीशी वाटे.

मग ते प्रकरण आलं. नाव सांगत नाही. आमचं कॉलेज नव्हे, दुसरी एक संस्था. तिथला परीक्षेचा पेपर फुटला. परीक्षा विभागातला एक कॉम्प्युटर आमच्याकडे आला. त्यावर चार-पाच जण आळीपाळीनं काम करत. प्रश्न एकच होता, पेपरची फाइल पेनड्राइव्हवर केव्हा उतरवली गेली?

सर त्या दिवसांत रोज कोर्टात होते. म्हणाले, "या वेळी तू कर. मी बघून सही करतो." मला आकाश ठेंगणं झालं. मी प्रत काढली, हॅश जुळवला, नोंदी बाहेर काढल्या, प्रत्येक वेळेत इमानेइतबारे साडेपाच मिळवले आणि तक्ता केला. उत्तर आलं, दुपारी चार चाळीस. सरांनी फाइल उतरवल्याची ओळ दोनदा तपासली, बाकीचा तक्ता वरवर पाहिला आणि सही केली. काकू तेव्हा पुण्याला होत्या, मुलीचं बाळंतपण होतं. उलटतपासणी झालीच नाही.

त्या दिवशी चार चाळीसला परीक्षा विभागातले सगळे एका निरोपसमारंभासाठी हॉलमध्ये गेले होते. खोलीत एकट्या रमीलाबेन होत्या, तिथल्या जुन्या कारकून. सकाळी अर्धी रजा घेऊन दुपारी एकला आल्या होत्या, म्हणून काम उरकायला मागे थांबल्या. अहवाल गेला आणि चौथ्या दिवशी त्यांना निलंबित केलं.

त्या एकदा लॅबमध्ये आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर घट्ट लपेटलेल्या. रडल्या नाहीत. सरांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, मने तो पेनड्राइव्ह नाखतां पण नथी आवडतुं." त्यांना पेनड्राइव्ह लावतासुद्धा येत नव्हता. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बेन, हूं माणसनुं नथी लखतो. मशीननुं लखूं छूं." हे त्यांचं नेहमीचं होतं. कुणी केलं ते सर कधी लिहीत नसत, मशीनमध्ये काय झालं तेवढंच लिहीत. मला तेव्हा ते उत्तर फार भारदस्त वाटलं. रमीलाबेन ते ऐकून उठल्या, "सारूं साहेब" म्हणाल्या आणि गेल्या. त्या भारदस्तपणाची मला आज लाज वाटते.

दीड महिन्यानं काकू परतल्या. आपल्या मागे एक अहवाल परस्पर गेला हे कळताच त्यांचा पारा चढला.

"गेला तर गेला. आता वाचा. मी काय मेलेय?"

"अगं, आता काय उपयोग?"

"साक्षीदार, उभे राहा."

सर उभे राहिले. मी शेंगा घेऊन बसले. फाइल, पेनड्राइव्ह, चार चाळीस, सगळं वाचून झालं. काकूंना काही सापडेना, म्हणून मला जरा गुदगुल्याच होत होत्या. मग त्या म्हणाल्या, "तक्ताही वाचा. सगळा."

"मशीन सुरू झालं, तीन पस्तीस."

"पहाटे?"

"दुपारी. मशीन बंद झालं, अकरा वीस. रात्री."

काकूंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. "साक्षीदार, हे ऑफिस दुपारी साडेतीनला उघडतं आणि रात्री सव्वाअकरानंतर बंद होतं? असं कुठल्या गावात आहे?"

सरांनी तक्त्यावरून पुन्हा नजर फिरवली. कागद टेबलावर ठेवून माझ्याकडे वळले. "सॉफ्टवेअरमध्ये टाइमझोन काय ठेवला होतास?"

मी सेटिंग आठवलं. भारत ठेवला होता. म्हणजे सॉफ्टवेअरनं साडेपाच आधीच मिळवले होते आणि त्यावर मी पुन्हा मिळवले. मशीन सकाळी दहाला सुरू झालं होतं आणि संध्याकाळी सहाच्या आत बंद झालं होतं, जगातल्या कुठल्याही ऑफिसासारखं. फाइल उतरवली गेली ती चार चाळीसला नव्हे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा रमीलाबेन ऑफिसात आलेल्याच नव्हत्या.

मला वाटलं, आता सर माझी सालटी काढणार. मी तर मनातल्या मनात राजीनाम्याचा मायनाही जुळवायला घेतला. पण ते खाली बसले आणि ढिगातली एक शेंग उचलून सोलू लागले. मग म्हणाले, "मी तुला मिळवायला शिकवलं. आधी कुणी मिळवलंय का, ते विचारायला नाही शिकवलं."

त्याच टेबलावर त्यांनी पत्र लिहिलं. अहवाल मागे घेत आहे, वेळांची चूक माझी आहे. मी म्हटलं, "सर, माझं नाव घाला."

"अहवालावर सही कुणाची?"

"तुमची."

"मग झालं तर."

नव्या अहवालात सरांनी लिहिलं की फाइल अकरा दहाला उतरवली गेली आणि ती कुणी उतरवली हे या मशीनवरून सांगता येत नाही. अकरा दहाला त्या खोलीत चार माणसं होती. संस्थेची मंडळी वैतागली. त्यांना नाव हवं होतं आणि एक मिळालंही होतं, तेच सर परत घेऊन चालले होते. एका अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सुचवलं की साहेबांचं वय झालं, जरा समजवा. मी समजावलं नाही. रमीलाबेनना कामावर परत घेतलं. पेपर कुणी फोडला ते आजतागायत कळलेलं नाही.

सरांना मात्र ते पत्र महागात पडलं. पुढे कुठल्याही खटल्यात समोरचा वकील पहिला प्रश्न मागे घेतलेल्या अहवालाचाच टाकी.

"साहेब, तमे पहेलां एक रिपोर्ट पाछो खेंचेलो ने?"

"हा जी."

"भूल हती?"

"हा जी. मारी."

वकील न्यायाधीशांकडे सूचक बघून बसून जाई. हळूहळू सरांना बोलावणी कमी झाली, मग थांबली. तीस वर्षांत कमावलेलं नाव माझ्या एका बेरजेनं गेलं आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मी एकदा नव्हे, तीनदा म्हटलं की मला उठून सांगू द्या. दर वेळी एकच उत्तर मिळालं, "कोर्टात सही बोलते, बेरीज नाही. तुला अजून तीस वर्षं काम करायचंय." शेवटच्या वेळी ते जरा ओरडलेच. माझ्यावर ते ओरडले ते एवढंच.

पण बडोद्याबाहेरच्या बाजव्याचं सांगायचं राहिलं. हे रमीलाबेन कामावर परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारचं. सर म्हणाले, "चाल, जाऊन येऊ." कुठं ते सांगितलं नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि वाट दाखवत राहिले. रिफायनरीची धुराडी दिसायला लागली तेव्हा मला कळलं, रमीलाबेन इथंच राहत.

रमीलाबेनचं घर दोन खोल्यांचं, लखलखीत. दार त्यांनीच उघडलं. आम्हाला बघून चेहरा दगडासारखा झाला, पण "आवो" म्हणाल्या. सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "बेन, भूल अमारी हती. माफ करजो."

"बेसो ने साहेब," त्या म्हणाल्या. पाणी आणलं. नोकरी परत मिळाली, मोठ्या साहेबांनी बोलावून चहा पाजला, सगळे पहिल्यासारखं बोलतात, असं सांगितलं. मग बोलायचं थांबून पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. सर थांबून राहिले. त्यांना साक्षीदारासाठी थांबायची सवय होती.

"मारो दीकरो," त्या अखेर म्हणाल्या. मुलगा चोवीस वर्षांचा, रिफायनरीत कंत्राटावर. नवरा वारल्यावर दोघंच. त्या दीड महिन्यात एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं होतं, "मम्मी, तें तो नथी कर्युं ने?" तू तर नाही ना केलंस? एकदाच, पुन्हा कधी नाही. पण विचारलं होतं.

"तमारो रिपोर्ट तो तमे पाछो खेंच्यो, साहेब," रमीलाबेन म्हणाल्या. "आ केवी रीते पाछुं खेंचाय?"

अहवाल मागे घेता येतो, पण हे कसं मागे घेणार, असं त्या विचारत होत्या.  सरांनी फक्त विचारलं, मुलगा किती वाजता येतो? पहिली पाळी सुटून पावणेतीनला. तेव्हा सव्वाबारा झाले होते. सर म्हणाले, "आम्ही थांबतो." आणि मग मात्र बसले.

अडीच तास आम्ही तिथं होतो. रमीलाबेननी खिचडी-कढी केली आणि जबरदस्तीनं वाढली. ज्या घरावर आपण वरवंटा फिरवला त्या घरची खिचडी घशाखाली उतरवणं काय असतं ते मी तेव्हा जाणलं. सरांनी दोनदा कढी मागून घेतली. त्या बाईंना वाढताना जरा बरं वाटत होतं, म्हणून घेतली असावी.

मुलगा आला. निळा गणवेश, काखेत हेल्मेट. आम्ही कोण ते आईनं सांगितलं तसा त्याचा जबडा आवळला. सर उठले. कोर्टात पिंजऱ्यात उभे राहत तसे ताठ उभे राहून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, किती वर्षं हे काम करतो ते सांगितलं. समोर ना न्यायाधीश ना वकील, एक धुळकटलेला पोरगा. त्याला ते "तमे", म्हणजे तुम्ही, म्हणाले.

"तमारां मम्मीए आ काम नथी कर्युं. ए वखते ए त्यां हतां ज नहीं. में खोटुं लख्युं हतुं."

मम्मीनं हे काम केलेलं नाही, त्या तेव्हा तिथं नव्हत्याच, चुकीचं मी लिहिलं, एवढं ऐकून पोरग्यानं हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाला, "लखी आपशो?"

सरांनी डायरीतलं पान फाडलं आणि टेबल नसल्यानं मांडीवर ठेवून गुजरातीत तेच लिहिलं, नाव, सही, तारीख, वेळ.  मी म्हटलं, "सर, पेन द्या." त्यांच्या सहीखाली माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत मी लिहिलं की वेळेची बेरीज मी केली होती आणि ती चुकली. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कागद ओढून घेतील. घेतला नाही.

मुलानं कागद उभ्यानंच वाचला. पुन्हा वाचला, या वेळी ओठ हलवत. मग तो आईपुढे धरला. त्याचे डोळे भरून आले.

रमीलाबेननी कागद घेतला, न वाचताच घडी घातली, त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं.

"आ तुं राख," त्या म्हणाल्या, हा तुझ्याकडे ठेव, मला तर ठाऊकच होतं. "मने तो खबर ज हती."